प्रतिसाद: किचनमधे स्मोक नको, हीट अलार्म लावा

किचनमधे स्मोक अलार्म लावला तर फोडणीला रोज बोंबलेल का, असं वर विचारलंय. बोंबलणारच! तिथे हीट अलार्म घ्या, तो धुरावर नाही, तापमानावर वाजतो. आमच्याकडे स्कॉटलंडमधे फेब्रुवारी २०२२ पासून हॉलमधे आणि प्रत्येक मजल्याच्या पॅसेजमधे स्मोक, किचनमधे हीट, आणि सगळे एकमेकांना जोडलेले असा नियमच आहे, म्हणजे खाली वाजला की वर झोपलेल्यालाही ऐकू येतं. वायरलेसवाले रेडिओवर चालतात, वायफायची गरज नाही, फक्त सगळे एकाच कंपनीचे आणि पेअर होणारे (म्हणजे एकमेकांशी जोडले जाणारे) बघून घ्या, आणि पेअरिंग खालीच टेबलावर उरकून मग शिडीवर चढा. अलार्म खोलीच्या आतून छताला लावा, भिंतीपासून आणि दिव्यापासून ३० सेंमी लांब. सीलबंद १० वर्षांच्या बॅटरीवालाच घ्या, नाहीतर रिमोटसाठी सेल काढणारे घरोघरी असतातच :)