मोठ्या मॉनिटरवर विंडो अडखळत सरकते, मदत हवी आहे

मंडळी, नमस्कार. बडोद्याहून लिहितेय.

पणजोबा गायकवाडी चाकरीत होते. त्यांची मोडी पत्रं दांडिया बाजारातल्या जुन्या घराच्या माळ्यावर सापडली, ती मी वर्षभर देवनागरीत उतरवतेय. एका बाजूला पत्राचा स्कॅन, दुसऱ्या बाजूला टायपिंग. मोडीत रेघ आधी ओढून अक्षरं तिला लटकवत नेतात, शब्द सुटे लिहीत नाहीत. त्यामुळे हवी ती ओळ डोळ्यासमोर धरायला स्कॅनची विंडो सारखी वर-खाली सरकवावी लागते.

दिवाळीत मुलाने २७ इंची फोर-के मॉनिटर घेऊन दिला आणि तेव्हापासून त्रास सुरू झाला. विंडो वरच्या पट्टीला धरून ओढली की माऊसच्या मागून फरफटत येते, बटण सोडल्यावर क्षणभराने जागेवर बसते. माऊसचा बाणही तुटक उड्या मारतो. तासाभरात डोळे दुखतात आणि ओळ चुकते. परवा एका पत्रातली तारीख मी खालच्या ओळीतली उतरवली, रात्री ताडून पाहताना लक्षात आलं. पत्रं घरची आहेत, त्यात चूक राहून गेली तर पुढे कोण दुरुस्त करणार?

लॅपटॉप जुना आहे: आय-५, ८ जीबी रॅम, एसएसडी, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. मॉनिटर एचडीएमआयने जोडलाय. ग्राफिक्स ड्रायव्हर नवा टाकला, पारदर्शकता आणि अॅनिमेशन बंद केलं, चार्जर लावून पाहिला. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयू १०-१२ टक्क्यांवर जात नाही. सयाजीगंजमधल्या एका दुकानात नेला, तर त्यांनी सुरूही न करता सांगितलं, "बेन, नवुं लई लो."

पण केबल काढून लॅपटॉपच्याच पडद्यावर काम केलं तर तीच फाइल, तोच माऊस, आणि विंडो अगदी सुळसुळीत सरकते. मग दोष लॅपटॉपचा कसा? जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद:
ताई, लॅपटॉप बदलू नका. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, डिस्प्ले, मग अॅडव्हान्स्ड डिस्प्ले उघडा, मोठा मॉनिटर निवडा आणि रिफ्रेश रेट, म्हणजे पडद्यावरचं चित्र सेकंदाला किती वेळा बदलतं तो आकडा, वाचा. बहुतेक ३० हर्ट्झ असेल. पोर्ट एचडीएमआय १.४ चा असला तर फोर-के, म्हणजे ३८४० बाय २१६० चं चित्र सेकंदाला ३० वेळाच जातं, म्हणजे दर चित्राला ३३ मिलिसेकंद. ६० हर्ट्झला हेच साधारण १७ होतं. प्रोसेसरवर ताण नसतो, म्हणून टास्क मॅनेजरमध्ये काही दिसत नाही. आत्ता रिझोल्यूशन २५६० बाय १४४० करून ६० हर्ट्झ निवडा. टाइप-सी पोर्टजवळ डीपीची (डिस्प्लेपोर्टची) खूण असेल तर तिथून मॉनिटरच्या डिस्प्लेपोर्टला केबल लावा, म्हणजे फोर-केही ६० हर्ट्झला चालू शकेल. महागडी एचडीएमआय केबल मात्र घेऊ नका, पोर्ट तोच राहणार.

धागालेखिका:
३० च निघालं! १४४० केलं, ६० आलं आणि विंडो हाताबरोबर सरकायला लागली. मनापासून आभार. फक्त मोडीची बारीक वळणं आता जराशी पुसट दिसतात, त्यामुळे फोर-के परत हवंच आहे. टाइप-सीजवळ डीपीची खूण सापडली. केबल दोन मीटरची घेतली तर चालेल का, की आखूडच बरी? टेबलाची मांडणी बघता मला लांब लागेल.