मदत हवी आहे: १२ ऑगस्टचं सूर्यग्रहण लंडनच्या पबमध्ये बघायचंय

नमस्कार मंडळी,

पश्चिम लंडनमध्ये आमच्या घराजवळ एक जुना पब आहे. मागे बाग, लाकडी बाकं, पोरांना खेळायला जागा. बुधवारी १२ ऑगस्ट २०२६ ला तिथे सगळ्यांनी मिळून ग्रहण बघायचं ठरतंय. मालकीणबाई तयार आहेत. आपली मराठी मंडळी आणि पबची नेहमीची गिऱ्हाइकं मिळून बरीच गर्दी होईल. नियोजन माझ्याकडे आहे, म्हणून अनुभवी लोकांना विचारतेय.

इथे ग्रहण खंडग्रास आहे. स्पर्श संध्याकाळी ६:१७, मध्य ७:१३, मोक्ष ८:०६. मध्याला सूर्याचा साधारण ९१ टक्के भाग झाकलेला असेल.

सगळ्यात मोठी काळजी ग्रहण बघायच्या चष्म्यांची. २०२४ ला अमेरिकेत खग्रास पाहून आलेले दोघे जण आमच्यात आहेत आणि ते सगळ्यांना सांगतायत की मध्याला चष्मा काढायचा असतो. तिथे ते बरोबर होतं, कारण सूर्य पूर्ण झाकला गेला होता. लंडनमध्ये एक क्षणही चष्मा काढून चालणार नाही. उरलेली कोर दृष्टिपटल भाजायला पुरेशी आहे, आणि दृष्टिपटलाला वेदना होत नाही, त्यामुळे इजा होतेय हे त्या वेळी कळतही नाही. त्यात सूर्य खाली आलेला, ऊन मवाळ वाटणार, हातात दुसरा ग्लास. पबच्या गोंगाटात हे लोकांच्या गळी कसं उतरवायचं?

दुसरं म्हणजे जेवण. त्या दिवशी आषाढ अमावस्या. श्रावणाच्या आदल्या दिवशी चिकनवर ताव मारायचा म्हणून निम्मी मंडळी खूश आहेत. पण सासूबाई तेव्हा पुण्याहून आलेल्या असतील, त्या आणि आणखी काही जण ग्रहणात खात नाहीत. कुणाला अवघडल्यासारखं होऊ नये.

आणि ढग आले तर? २० मार्च २०१५ ला लंडनकरांना ढगच बघावे लागले होते.

प्रतिसाद १
ताई, आधी बागेतून सूर्य दिसतो का ते बघा! मध्याला तो क्षितिजापासून जेमतेम दहा अंश वर असेल, म्हणजे हात लांब करून धरलेल्या मुठीएवढ्या उंचीवर, पश्चिमेच्या किंचित उजवीकडे. समोर दुमजली घर असेल तर संपलं. ऑगस्टपर्यंत थांबू नका. ३० एप्रिलच्या सुमारास संध्याकाळी सव्वासातला सूर्य जवळपास त्याच जागी असतो, तेव्हा जाऊन उभ्या राहा. मोक्षाच्या वेळी तो इतका खाली असेल की शेवट दिसेल हे धरून चालू नका.

प्रतिसाद २
चष्मे आयएसओ १२३१२-२ चे (सूर्य बघायच्या चष्म्यांचं सुरक्षा मानक) घ्या, आणि आत्ताच घ्या. जुने वापरणार असाल तर एकेक तपासा. चरा किंवा भोक असेल तर सरळ कचऱ्यात. घालून बघितल्यावर सूर्याशिवाय काहीही दिसता कामा नये. कॅमेरा आणि दुर्बीण पुढच्या बाजूला सौर फिल्टर असल्याशिवाय बागेत येऊ देऊ नका. चष्मा घालून दुर्बिणीतून बघणं तर सगळ्यात वाईट. पोरांना स्वयंपाकघरातली चाळणी द्या, सूर्याकडे पाठ करून तिची सावली पांढऱ्या पुठ्ठ्यावर पाडायची. प्रत्येक भोकातून एकेक चंद्रकोर उमटते, ती मोठ्यांनाही सोडवत नाही.

प्रतिसाद ३
जेवण पाच ते सहा आणि पुन्हा सव्वाआठनंतर ठेवा. मधे स्वयंपाकघर बंद, म्हणजे तिथले लोकही बाहेर येऊन बघतील आणि सासूबाईंना वेगळं काही सांगावं लागणार नाही. ढग आले तर टीव्ही आहेच. स्पेनमधली खग्रास स्थिती तुमच्या घड्याळात साडेसातच्या आसपास येते, लंडनच्या मध्यानंतर पंधरा-वीस मिनिटांनी. ऊन असलं तरी ते लावाच.

धागाकर्ती
मनापासून आभार! चष्म्याचं त्या दोघांनाच माइकवरून सांगायला लावते, त्यांचं लोक ऐकतील. बागेच्या पश्चिमेला एक मोठं झाड आहे, ते आड येतंय का हे एप्रिलअखेर बघून इथेच कळवते.