बागा लावून देण्याचा धंदा: पैसा कुठे सुटतो, कुठे अडकतो?

घरच्या बागेचं चार लोकांनी कौतुक केलं की 'हाच धंदा का करू नये' हा किडा डोक्यात शिरतो. माझ्याही शिरला होता. दोन माळी, भाड्याचा टेम्पो एवढ्यावर लँडस्केपिंग करणाऱ्यांनी इथे लिहावं. झाडांवर प्रेम आहे हे धरून चाललोय, हिशोबाचं बोला.

सुरुवात मीच करते. पुण्यात छोटे बंगले, सोसायट्या. गिऱ्हाईक पहिल्यांदा लॉनचा भाव विचारतं आणि आपण गवताचा सांगून मोकळे होतो. खरा खर्च खाली असतो. हजार चौरस फुटांवर सहा इंच माती म्हणजे 500 घनफूट, पाच ब्रास. वर शेणखत, मजुरी, आणि गेटातून ट्रक आत जात नसेल तर घमेल्यांनी वाहतूक. कोटेशनमध्ये माती वेगळी लिहायची, ब्रासमध्ये. आणि पोयटा, म्हणजे गाळाची माती, उतरवून घेण्याआधी मूठभर हातात चाळून बघायचा. त्यात काळ्या-तपकिरी, वाटाण्याएवढ्या गाठी दिसल्या की ट्रक परत. तो लव्हाळा, चिवट तण. वर कितीही उपटा, गाठ खाली राहते आणि पंधरवड्यात लॉनमधून हिरव्या सुया वर येतात. शिव्या माती देणाऱ्याला नाही, आपल्याला बसतात. रोपं मी उरुळी कांचनच्या बाजूच्या नर्सऱ्यांतून स्वतः निवडून आणते, फोनवर ऑर्डर देत नाही.

नाशिक
बाग लावण्यात नाव होतं, घर चालतं ते देखभालीवर. लावणीचे पैसे एकदाच, तेही शेवटचा हप्ता 'अहो, ती जास्वंद अजून फुलली नाही' म्हणून लटकलेला. वार्षिक करार केला की दर महिन्याला थोडे पण नक्की येतात आणि माळ्याला बारमाही पगार देता येतो. करारात काय नाही तेही लिहा. मोठ्या झाडाच्या फांद्या छाटणं आमच्यात येत नाही. शहरात त्याला 1975 च्या झाडांच्या कायद्याखाली पालिकेची परवानगी लागते. 'रविवारी गुपचूप उरकून टाका' म्हणणारे भेटतातच. ती परवानगी मालकानेच काढायची.

रत्नागिरी
आमची गिऱ्हाइकं मुंबईची. येणार गणपतीला आणि मे महिन्यात. गणपतीत सगळं हिरवंगार असतं, आमचं काही न करता! मेमध्ये विहिरीने तळ गाठलेला आणि साहेबांना लॉन हवं. हजार चौरस फूट लॉन उन्हाळ्यात रोज चार-पाचशे लिटर पाणी पितं. हा आकडा ऐकवला की निम्मे लोक आपणहून लॉन लहान करतात. उरलेल्या जागेत जांभ्याची फरसबंदी, कडेला सुरंगी, तामण, अनंत. कातळावर खड्डा म्हणजे ब्रेकर लावावा लागतो, त्यामुळे खड्ड्याचा दर नगावर लावतो. माकडांची हमी कोणालाही देत नाही.

ठाणे
गच्चीवरच्या बागा करतो. फूटभर ओल्या मातीचा भार चौरस मीटरला पाचशे किलोच्या आसपास जातो, म्हणून इंजिनिअरचं पत्र हातात आल्याशिवाय मोजमापालाही जात नाही. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि पर्लाइट (हलके पांढरे खडे) यांचं हलकं मिश्रण, कुंड्या तुळईच्या रेषेत. वॉटरप्रूफिंगचं काम मी घेत नाही. ते दुसऱ्याने करायचं, पाणी साठवून चाचणी घ्यायची, त्याचे फोटो मी ठेवतो. पावसाळ्यात खालच्या मजल्यावर ओल आली की पहिला फोन बागवाल्यालाच येतो.

मूळ सोलापूरकडचा, सध्या पिंपरी
मी आधी दुसऱ्याकडे माळी होतो. आता माझीच चार माणसं आहेत. वर सगळ्यांनी मातीचं लिहिलं, माणसांचं कोणीच नाही. शिकलेला माळी शंभर रुपयांसाठी सोडून जातो असं मालक म्हणतात. तो शंभर रुपयांसाठी जात नाही. पगार दहा तारखेवरून वीस तारखेला गेला की जातो. शिवाय बंगल्यावर त्याला गाडी धुवायला लावतात, तेव्हा आपण मध्ये बोलायला पाहिजे. मी बोलतो. त्यात एक बंगला सुटला, सुटू दे.

छत्रपती संभाजीनगर
जीएसटीचं कोणी लिहिलं नाही म्हणून: जिवंत रोपांवर शून्य, लँडस्केपिंगच्या सेवेवर 18 टक्के. एकत्र कंत्राट असेल तर बिल कसं फोडायचं ते सीएला काम घेण्याआधी विचारा, बिल गेल्यावर नाही.

पुन्हा मीच
पिंपरीकर, तारखेचं पटलं. संभाजीनगरकर, आभार. अजून एक विचारायचंय. बिल्डर अजूनही भिंतीलगत कोनोकार्पस हे परदेशी झाडच मागतात, कारण ते झपाट्याने वाढतं आणि ताबा देताना फोटो छान येतो. गुजरातने 2023 मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली, हे सांगूनही ऐकत नाहीत. मी काम सोडते. तुम्ही त्याऐवजी काय सुचवता, आणि ते दोन वर्षांत भिंतीच्या वर येतं का?