दहावीच्या वर्षी तुमच्या घरात काय चाललं होतं?

निकाल लागला की टक्के गावभर होतात. ते कुठल्या घरातून आले, हे कुणी विचारत नाही. ते इथे लिहा. सल्ले नकोत, 'मनावर घेतलं की जमतं' हे सगळ्यांनी ऐकलंय.

शिरूर कासार, बीड
आईबाप ऊसतोडीला. एक कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी, उचल म्हणजे आगाऊ पैसे जोडीवर मिळतात, त्यामुळे आईला मागं राहता येत नाही. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाचा ट्रॅक्टर यायचा. लहानपणी आम्हीही जायचो. नाव शाळेच्या हजेरीत, आम्ही फडावर. पुढं आजीनं ठेवून घेतलं. तिला वाचता येत नव्हतं, पण दिवेलागणीला पुस्तक उघडं दिसलं नाही तर भाकरी वाढायची नाही. दहावी निघाली.
बहीण माझ्यापेक्षा हुशार, गणितात तर फारच. वयात आलेली पोर म्हातारीच्या भरवशावर ठेवायला वडील तयार होईनात आणि फडावरच्या झोपडीला, कोपीला, दार नसतं, हेही त्यांना ठाऊक. आठवीनंतर लग्न लावलं. पुढच्या हंगामात तिचाही कोयता झाला.

वरळी, मुंबई
बीडीडी चाळ, १६० चौरस फुटांत सात माणसं. अभ्यास मधल्या व्हरांड्यात, रात्री. परीक्षेच्या महिन्यात अख्ख्या मजल्यानं टीव्हीचा आवाज कमी ठेवला. कुणी सांगितलं नव्हतं.

पुणे
माझ्याकडे स्वतंत्र खोली, दोन क्लास. आईबाबांचं बोलणं मात्र बंद, निरोप माझ्यामार्फत. नववीत ८८ टक्के, दहावीत ६१. सगळे म्हणाले, मोबाईलमुळे.

सांगली, शिक्षक
बीडकर, २००९चा शिक्षण हक्क कायदा १४ वर्षांपर्यंतच, म्हणजे साधारण आठवीपर्यंत. मुलीला घरी बसवतात तेही तेव्हाच. नववी-दहावीला आम्ही घरी जाऊन विनवण्या करायच्या, एवढंच हातात. (त्यातही जनगणना, निवडणुका सांभाळून!) बहिणीला १७ नंबरचा फॉर्म भरायला सांगा, शाळेत न जाता बाहेरून दहावी देता येते. आमच्याकडे एका आईनं लेकीबरोबरच दहावी दिली.

शिरूर कासार, बीड
सर, विचारलं तिला. म्हणाली, परीक्षा फेब्रुवारी-मार्चात, तेव्हा मी कारखान्यावर. दाजी नाही म्हणत नाहीत, पण यंदाची उचल आधीच घेतलीय. पुढच्या वर्षी उचल घ्यायच्या आधी पुन्हा बोलणार आहे.