शब्द हवा: 'लर्निंग विथ एरर्स'मधला 'एरर'

रंकाळावेस: कॉलेजच्या भित्तिपत्रकासाठी क्वांटमरोधक कूटलेखनावर, म्हणजे क्वांटम संगणकालाही फुटू नये अशा गुप्तलेखनावर, मजकूर लिहितोय. ओडेड रेगेव्ह यांनी 2005 मध्ये मांडलेला 'लर्निंग विथ एरर्स' हा गणिती प्रश्न (थोडी गडबड मिसळलेल्या समीकरणांतून गुप्त आकडे शोधायचे) त्याच्या मुळाशी आहे. 'लॅटिस'ला (बिंदूंची नियमित जाळी) जालक घेतलंय, पण 'एरर' अडलाय. मी 'त्रुटी' लिहिलं, सर म्हणतात 'चूक' लिही.

हुपरीकर: चूक हातून होते, त्रुटी राहून जाते. इथं तर मुद्दाम घातलेली आहे. मग सरळ 'खोट' लिही की! चांदीत खोट किती ते घालणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं, दुसऱ्याला टंच काढल्याशिवाय कळत नाही.

बाकी_शून्य: खोट आवडली. शब्द ठरवायच्या आधी ती करते काय ते बघा. गुप्त आकडे 3 आणि 2, सगळ्यांना दिसणारे 5 आणि 4. मी 5×3 + 4×2 = 23 काढले, 17 ने भागून बाकी 6 आली, आणि जाहीर केले 7. तो वरचा 1 म्हणजे तुमचा एरर. तो नसता तर दहावीतली एकसामयिक समीकरणं, दोन मिळाली की खेळ खलास. तो असला की चल घालवण्यासाठी समीकरणांना गुणताना खोटही गुणली जाते, आणि शेकडो चलं असली तर हाती नुसता कचरा राहतो. जुनं कूटलेखन मोठ्या संख्येचे अवयव पाडणं अवघड असण्यावर टिकून होतं, पण ते पाडायची क्वांटम रीत पीटर शोर यांनी 1994 मध्येच दिली. या प्रश्नावर तशी झटपट रीत अजून कुणाला सापडलेली नाही.

शिवाजीपेठ: पण भावा, 'खोट' म्हटलं की नियतीतली खोट आठवते. फसवणुकीचा वास येतो. 'विचलन' का नको?

बाकी_शून्य: विचलन संख्याशास्त्रानं अडवून ठेवलंय. आणि फसवणूक आहेच की, चोरट्याची! किल्लीवाल्याचं काही अडत नाही. ऑगस्ट 2024 मध्ये अमेरिकेच्या निस्ट या मानकं ठरवणाऱ्या संस्थेनं प्रमाणित केलेल्या एमएल-केईएम या किल्ली ठरवायच्या पद्धतीत सगळं गणित 3329 च्या बाकीत चालतं. 768 वाल्या प्रकारात मुळात मिसळलेली खोट प्रत्येक जागी -2 ते 2 एवढीच. पाठवायचा बिट 0 असेल तर 0, 1 असेल तर 1665 (3329 च्या साधारण निम्मे) मिसळतात. किल्लीवाल्याकडे उत्तर थोडं हललेलं येतं, पण 0 जवळ की 1665 जवळ हे स्पष्ट दिसतं.

हुपरीकर: म्हणजे खोट पचते, पण प्रमाणात.

रंकाळावेस: 'खोट'च घेतो. पहिल्यांदा येईल तिथं 'हेतुपुरस्सर मिसळलेली' एवढं जोडतो. सरांना ते सतरावालं उदाहरण दाखवतो.

शिवाजीपेठ: दाखव, पण 'जालक'ही विचार. क्रमसिद्धांतातल्या (लहान-मोठ्या क्रमाचा अभ्यास करणारी गणिताची शाखा) लॅटिसलाही तोच शब्द लावतात, आणि ती वस्तूच वेगळी आहे.