बांध फुटला, तिवरं उगवली, शेत गेलं. हे नक्की कोणाचं?

खारेपाटातला:
रायगडातल्या धरमतर खाडीला लागून आमचं साडेतीन एकर भातशेत. सातबारा आधी वडिलांचा, आता आम्हा तिघा भावांचा. त्यात आज माणूस दिसेनासा होईल एवढी तिवरं, म्हणजे खारफुटीची झाडं, माजलीत.

बाहेरच्यांसाठी थोडं सांगतो. आमची जमीन भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली. खाडीकडे मातीचा बांध, त्यात उघाड्या. भरतीच्या दाबाने उघाडीची झडप बंद होते, ओहोटीला उघडते आणि शेतातलं पावसाचं पाणी बाहेर जातं. पावसाने मातीतलं मीठ धुतलं जातं, मग भात लावायचा. पूर्वी घरटी एक माणूस बांधावर जायचा. उधाणाच्या आधी चिखलाची ढेकळं टाकून खांड, म्हणजे बांधाला पडलेलं भगदाड, बुजवायची, हे वर्षाचं ठरलेलं काम. १९७९ च्या खारभूमी विकास कायद्यानंतर सरकारी योजनेतल्या बांधांची डागडुजी सरकारने करायची असं झालं आणि माणसांची बांधावर जायची सवय मोडली. हा दोष आमचाही आहे.

आमच्या बांधाला खांड गेली तेव्हा ती दोन हात रुंद होती. अर्ज दिला. पुढच्या पावसाळ्यात बैलगाडी जाईल एवढी झाली. परत अर्ज. तिसऱ्या वर्षी भात नाही, चौथ्या वर्षी तिवरांची रोपं. आता कचेरीत सांगतात, ही खारफुटी आहे, हात लावलात तर गुन्हा.

अलिबागजवळच्या चरी गावच्या शेतकरी संपात १९३३ ते १९३९ आमच्या आज्यापणज्यांनी खोतांची जमीन कसायची नाही म्हणून उपासमार सोसली. तेव्हा कुठे कुळाचा हक्क कायद्यात आला. ती जमीन आज एका ओळीचाही आदेश न निघता हातातून गेली. माझं म्हणणं एवढंच: जिथे बांध फुटून शेतात तिवरं आली, तिथे बांध परत घालू द्या. नाहीतर दरवर्षी जमिनीचा मोबदला द्या.

किनाऱ्याचा_मित्र:
काका, तुमचं दुःख खोटं नाही, पण मागणी धोक्याची आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ च्या निकालात खारफुटीचा नाश म्हणजे जगण्याच्या हक्काचाच भंग असं म्हटलं. जमीन कोणाच्याही मालकीची असो, खारफुटीपासून ५० मीटरपर्यंत बांधकाम नको, हेही कायम ठेवलं. हा कडकपणा उगाच आलेला नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. खाडीकाठच्या मातीला धरून ठेवणारं दुसरं काय आहे?

आणि अलिबागच्या आसपास जमिनीचा भाव काय चाललाय ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. "इथे पूर्वी शेत होतं" एवढं म्हटलं की तिवरं तोडता येतील, अशी सवलत द्या, पहिला अर्ज शेतकऱ्याचा येणार नाही. फार्महाऊसवाल्याचा येईल.

खारेपाटातला:
त्या भीतीत तथ्य आहे, मान्य. पण चोराच्या भीतीने घरधन्यालाच बाहेर काढायचं का? अट घाला ना. बांध घातल्यावर भातच लावायचं, ती जमीन बिगरशेती होणार नाही, विकली तरी अट सुटणार नाही. मी आज सही करतो. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने खाऱ्या मातीत टिकणाऱ्या भाताच्या जाती काढल्यात, आमच्याकडे जुना रत्ता भात होताच. ही शेती मेलेली नाही.

खाडीची_लेक:
दादा, मी कोळ्याच्या घरची. तुम्ही जिला शेत म्हणता, ती तुमच्या बांधाआधी आमची खाडी होती. तिथे भरती खेळायची. ती परत आली तर तुम्हाला आक्रमण वाटतं, आम्हाला चिंबोरी आणि कोळंबी मिळते. तिवरांच्या मुळांत माशांची पिल्लं वाढतात, हे आम्हाला कोणी शिकवावं लागलं नाही. आमच्या बायका गुडघाभर चिखलात कालवं काढतात. त्यांच्या नावावर सातबारा नाही, म्हणून त्यांचं नुकसान कुठल्याच कागदावर येत नाही.

मोबदला मागता तर आमचाही हिशोब मांडा. खाडीतून मालाचे बार्ज जातात, त्यांच्या लाटांनी तुमचे बांध खचतात आणि आमची जाळी फाटतात. त्यांना कोणी विचारत नाही. शेतकरी आणि कोळी मात्र एका तिवराच्या झाडावरून भांडतोय.

सातबारावाला:
थोडं कायद्याचं. २०१९ च्या सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) अधिसूचनेत खाजगी जमिनीवरच्या खारफुटीभोवती ५० मीटरचा पट्टा राखायची अट नाही. पण खारफुटी स्वतः सगळ्यात कडक वर्गात, म्हणजे झाड तोडता येत नाहीच. त्यावर २०१८ चा निकाल मालकी न पाहता लागू. दोन्ही एकत्र वाचताना शेतकरी गोंधळतो आणि कचेरीतला माणूस सगळ्यात सोपं उत्तर देतो: "नाही."

आणि बांध "सरकारी योजनेत" आहे की "खाजगी योजनेत", हे आधी काढून घ्या. खाजगी यादीतल्या बांधाला निधी मिळवणं महाकठीण. दोन शेजारी बांध, एकाला खडीचं पिचिंग (दगडी अस्तर), दुसऱ्याला चिखल, हे त्यामुळेच.

किनाऱ्याचा_मित्र:
ताईंचा मुद्दा मी मांडायला हवा होता. काका, मोबदल्याला माझा पूर्ण पाठिंबा. तिवरं राखण्याचा फायदा सगळ्या किनाऱ्याला आणि तोटा फक्त तुम्हाला, हा अन्याय आहे. पण उभं तिवर तोडून बांध, याला मी नाहीच म्हणणार. २०१७ पासून खारफुटीवर उपजीविकेची सरकारी योजना आहे, खेकडापालन, कालवं वगैरे. वेंगुर्ल्यात बायका मांडवी खाडीत तिवरांची सफर घडवतात.

खारेपाटातला:
सफर वेंगुर्ल्यात चालेल. आमच्या बांधापर्यंत पावसाळ्यात पायवाटही नसते. खेकड्याचं बघू, पण वयाच्या साठीत मला भातच येतं.

ताई, तुमचं वाचून रात्री झोप आली नाही. बांधाआधी ती खाडी होती, खरं आहे. मी असं कधी बघितलं नव्हतं. माझ्या शेतातली तिवरं आता तोडा असं मी म्हणणार नाही, तिथे तुमची चिंबोरी वाढतेय. मला मोबदला हवा, तो मी मागत राहीन.

पण आमच्या शेजारच्या खारीत, म्हणजे बांधाआडच्या शेतात, दोन महिन्यांपूर्वी नवी खांड गेली. चार हात रुंद. आत अजून एकही तिवर नाही, मागल्या वर्षी भात पिकलेला. सगळं भांडण इथे टळतं किंवा इथेच सुरू होतं. तिवराचं बी भरतीबरोबर येऊन रुजलं की मग कायदा, न्यायालय, वनखातं. त्याआधी ती नुसती फुटलेली माती असते. खांड गेल्याचा पंचनामा पुढच्या उधाणाच्या आत झाला पाहिजे, तारखेसकट, आणि पावसाळ्याआधी ती बुजली पाहिजे. नाही बुजली तर त्याच तारखेपासून मोबदला सुरू. याला तरी कोणाचा विरोध आहे का?

खाडीची_लेक:
याला नाही. फक्त पंचनाम्याला कोळीवाड्यातलं एक माणूस बोलवा. पाणी कुठून शिरतं ते आम्हाला कळतं.

खारेपाटातला:
अमावास्येच्या आधी आम्ही दहा-बारा जण ती खांड स्वतः बुजवणार आहोत. ओहोटी सकाळची आहे. तुमच्याकडचं कोणी आलं तर बरं होईल, होडीतून माती आणायला लागेल.

खाडीची_लेक:
भाऊ येईल. होडी आमची.