उंचीवरून लाइनबॅकर बाद करू नका
उंची-वजन कमी म्हणून रुकी (पहिल्याच वर्षाचा) लाइनबॅकर, म्हणजे बचावात पुढच्या फळीमागे उभा राहणारा खेळाडू, एनएफएलमध्ये (अमेरिकन फुटबॉलची मोठी लीग) टिकणारच नाही, हे काय पटत नाही बुवा. सॅम मिल्स बघा, जेमतेम ५ फूट ९ इंच, ड्राफ्टमध्ये (संघ नवे खेळाडू निवडतात तेव्हा) कोणी विचारलं नाही, ब्राउन्स संघाने सराव कॅम्पमधूनच नारळ दिला, मग यूएसएफएल ही दुसरी लीग गाजवून १९८६ ला एनएफएलच्या सेंट्स संघाकडे आला आणि २०२२ ला हॉल ऑफ फेममध्ये (तेही वारल्यावर, काय बोलणार). लंडन फ्लेचरही ५ फूट १० चा, अनड्राफ्टेड, पठ्ठ्याने १६ सीझनमध्ये एक मॅच चुकवली नाही. आता पासिंग एवढं वाढलंय की टाइट एंडमागे (पास झेलणारा धिप्पाड खेळाडू) पळणाराच लागतो. फक्त समोरच्या संघाचा ३०० पौंडी गार्ड (वाट मोकळी करणारा) अंगावर आला की असा छोटा लाइनबॅकर अडकणार, त्यामुळे त्याच्या पुढचे बचावातले टॅकल दणकट हवेत, नायतर समोरचे बॉल घेऊन पळाले (रन) की धुलाई ठरलेली. पहिल्या वर्षी स्पेशल टीम्सवर (किकच्या वेळी उतरणारा गट) खेळवा की, घाई काय?